तहानलेला खड्डा

सोमवार, १९ फेब्रुवारी १९७३

आज फ्रीज आला. गोरक्षनं पुण्याहून ट्रकात आडवा घालून, वाकळेत गुंडाळून, सुंभानं आवळून पाठवला. चौघांनी खांद्यावर घेऊन गल्लीतनं आणला तर पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. भिमाजीनं हात जोडले आणि मला विचारतो, "कोण गेलं?" मी म्हटलं, "गेलं न्हाई, आलंय. बस खाली."

ही डायरी पण त्याच ट्रकात होती. गोरक्षच्या कारखान्यात वाटतात. चिठ्ठीत लिहिलंय, आई लिहीत जा, अक्षर मोडू नको. चौथी शिकलेय मी. लिहिते. कुणी वाचायचं नाही.

फ्रीज कुणाच्या हौसेसाठी नाही. मालकांना साखरेचा आजार. रोज सकाळी सुई मीच टोचते. त्या सुईचं औषध गारव्यात ठेवावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यात ठेवलं, तरी नासलं. आम्ही आपलं टोचतोय, टोचतोय, आणि पायाचा अंगठा काळा पडला. नगरच्या डॉक्टरनं अंगठा काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात औषध असंच नासलं तर पायावर भागणार नाही, माणूस जाईल.

रज्जाक वायरमन आला, बघितलं आणि म्हणतो, "मावशी, आज चालू करायचं न्हाई. आडवं आणलंय. आतलं तेल जाग्याला बसू द्या. चुलीपासून लांब, भिंतीपासून वीतभर सोडून नुसतं उभं राहू द्या."

"आरं, मढंसुदिक एवढा येळ ठेवत न्हाईत घरात."

"मढ्याला करंट द्यायचा नसतोय मावशी."

दिवेलागणीला कोपऱ्यात उभा होता. वाकळ अजून खांद्यावर तशीच. डोक्यावरून पदर घेऊन कुणी बाई भिंतीकडं तोंड करून उभी राहावी तसं दिसत होतं. सूनबाई चांगुणा पाणी प्यायला माठाकडं गेली ती चुलीकडून वळसा घालून.

बुधवार, २१ फेब्रुवारी

रज्जाकनं मागच्या दारी मोरीच्या सांडपाण्याशेजारी खड्डा खणला. पुरुषभर.

म्हटलं, "एवढा खोल? कुनाला पुरायचंय?"

"करंटला पुरायचंय."

तळाला कोळसा, त्यावर मीठ, मग तांब्याचा पत्रा उभा. पत्र्याला जाड तार बोल्टानं आवळली. परत मीठ, परत कोळसा, वर माती. तार भिंतीतनं आत, फ्रीजची वायर जोडतात त्या पलगापर्यंत नेली. तारेचा एक जोड आत भिंतीवर, हाताला येईल असा ठेवला, तपासायला. ह्याला अर्थिंग म्हणतात म्हणे. शेजारची बायडाबाई कुडावरून डोकावून विचारते, "कसली आरती?"

रज्जाक तोंडात पान धरून बोलतो, निम्मं कळतं. म्हणाला, "फ्रीज जुना हाय. कधी पत्र्यात करंट झिरपला तर ह्या वाटेनं जिमिनीत जाईल. पर जिमीन वली पायजे. रोज तांब्याभर पानी घालायचं ह्याला. मीठ खाल्लंय ह्यानं, तहान लागणारच. तहानलेला ठेवला तर ह्यो घरातल्या मान्साला धरंल, सांगून ठेवतो."

मालक दारात चहा पीत बसले होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हनलास? कोन तहानलेलं?"

"खड्डा वो आप्पा, खड्डा."

मालक उठले. चहा तसाच ठेवून आत गेले. पिवळे पडले होते. म्हटलं सुईचा गुण असेल.

शनिवार, २४ फेब्रुवारी

चालू झाला. आधी घरघर, मग थरथर, मग एकदम गप्प. गप्प होताना अंग झाडतो, वरच्या भांड्यांचा आवाज होतो. चांगुणा म्हणते, "आत्याबाई, उसासा टाकल्यागत वाटतंय." मी म्हटलं, उसासा टाकू दे, औषध गार ठेवलं म्हणजे झालं. औषधाच्या बाटल्या हातात घेऊन बघितल्या. गार. मला लई बरं वाटलं.

बायका बघायला आल्या. बर्फ हातात घेऊन किंचाळल्या. बायडाबाईनं बर्फ घेतला नाही. मागच्या दारी जाऊन खड्ड्याची माती बघत बसली.

रज्जाक श्रीरामपूरकडं कारखान्याच्या कामाला गेला. जाताना परत तेच, "पानी इसरू नका."

शुक्रवार, ९ मार्च

विहिरीत खडक उघडा पडलाय. टँकर येतो एक दिवसाआड, तो पण आला तर. माणसाला दोन घागरी. भांडी राखेनं कोरडीच घासतो, मोरीचं पाणी गाईला ठेवतो. आता खड्ड्याला कुठून घालू? गाय हंबरते, तिला नाही म्हणायचं आणि मातीला पाजायचं? बंद केलं मी.

सोमवार, १२ मार्च

चांगुणानं फ्रीज उघडला आणि हात झटकला. म्हणते चावला. म्हटलं पोटुशी बाईला सगळंच चावतं. मग मीच उघडायला गेले. हाताला मुंग्या आल्या. कोपरापर्यंत. फ्रीज गप्प होता, थरथरत नव्हता, तरी.

बुधवार, १४ मार्च

हे लिहावं का नको कळत नाही. लिहिते.

मी दुसरेपणाची. मालकांची पहिली साळूबाई, लगीन होऊन थोड्याच वर्षांनी तापानं गेली. मला एवढंच ठाऊक. ह्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही. रीतीप्रमाणं तिचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात आहे, लगीन झालं त्या दिवसापासून. सणाला आधी तिला निवद, मग मला घास. मी कधी कुरकूर केली नाही. मेलेल्या बाईशी काय भांडायचं.

आज न्हाऊन ओल्या केसानं औषध काढायला वाकले. टाक लोंबला आणि फ्रीजच्या दाराला टेकला. गळ्यालाच धरलं मला. बोटांनी नाही, दातांनी धरावं तसं. मागं पडले. ओरडताच आलं नाही.

मालक पडवीतनं आले. काय झालं विचारलं. मी म्हटलं पाय घसरला. ते माझ्याकडं बघत नव्हते, दाराकडं बघत होते. मग त्यांनी दारावर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"तुमाला काय व्हत न्हाई?"

"मला काय व्हायचंय?"

शुक्रवार, १६ मार्च

बायडाबाईला सांगितलं. तिच्या अंगात येतं, तिला ह्यातलं कळतं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"गोजरे, काय काय पुरलं गं त्या रज्जाकनं?"

"मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा."

"आन् तू बघत बसलीस? मीठ, कोळसा, तांबं. बाई मरून गेलेल्या घरात. मागल्या दारी. आगं करणी करणारा आनखी काय पुरतो?"

मला राग आला. रज्जाक असला नाही. लहानपणापासून बघतेय. म्हटलं, "त्याच्या मनात काय नसंल."

"त्याच्या नसंल. पर निवद कुनाला का दाखवंना, खानारी दुसरीच आली तर? खड्डा सांगून खनला, तिला वाटलं आपल्यासाठनं वाट केली."

मालक चावडीवर गेले होते. आम्ही दोघींनी खणलं. माती भुकटी झालेली. मीठ खडा झालं होतं. पत्रा निघाला तो हिरवा-काळा, आणि त्यावर डाग होते. बायडाबाई म्हणाली, तोंड दिसतंय बघ. मला तोंड दिसलं नाही. पण दिसलं नाही असं मी म्हटलं पण नाही. तार तोडली, पत्रा लिंबू उतरून कोरड्या ओढ्यात टाकला. मागं वळून बघितलं नाही.

शनिवार, १७ मार्च

वाईट झालं. सकाळी चांगुणा भांडी धुऊन ओल्या पायानं आली, दाराला हात लावला आणि हात सुटेना. मी तिला नाही, तिच्या पदराला धरून ओढलं. दोघी पडलो. पोटावर नाही पडली, देवाची कृपा. तासभर दात वाजत होते तिचे.

सावरल्यावर म्हणते, "आत्याबाई, मामंजींना का धरत न्हाई? त्यांच्या पायात चपला असत्यात म्हनून तर न्हाई?" मालक डॉक्टरच्या सांगण्यावरून घरात पण चपला घालतात, पायाला जखम होऊ नये म्हणून. मी म्हटलं, "भूत भितं ते चामड्याला. ह्या रबराच्या हायत. सातवी शिकलीस आन् एवढं ठाऊक न्हाई?"

संध्याकाळच्या गाडीनं तिला माहेरी धाडली.

त्यांना धरत नाही ह्याचं कारण मला कळलंय. ती त्यांची बायको आहे.

मंगळवार, २० मार्च

बंद करून बघितला. औषध माठाच्या फडक्यात ठेवलं. फडकं ओलं ठेवायला पाणी नाही. दुपारी बाटली हाताला कोमट लागली. परत चालू केला. काय करू? बंद ठेवला तर ऊन त्यांना नेतं. चालू ठेवला तर ती घरात राहते.

तिचं राहणं परवडलं.

रविवार, २५ मार्च

आता मी फ्रीज उलथन्यानं उघडते, लाकडी मुठीचं आहे. पाटावर उभी राहते. ही अक्कल मला कशी आली माहीत नाही, पण लाकडावर उभी असले की ती गप्प बसते. उघडायच्या आधी सांगते, "साळूबाई, औषध घेते. त्यांच्यासाठीच हाय." आज म्हटलं, "तुला तरी त्यांचं बरंच व्हावं वाटत असंल." आतनं उसासा आला आणि भांडी वाजली. घरात तिसरं कुणी नव्हतं. अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला लिहू, सोबत पण वाटली.

मालक दुपारभर फ्रीजपाशी बसतात. म्हणतात गार वाटतं. फ्रीज बाहेरून गार नसतो.

सोमवार, २ एप्रिल

रज्जाक आला. मागच्या दारचा खड्डा बघितला आणि पान थुंकून टाकलं. कधी आवाज चढवत नाही तो. आज चढवला.

"कुनी काढलं हे? मावशी, कुनी काढलं? मेला का कोन?"

सगळं सांगितलं. बायडाबाईचं, टाकाचं, सगळं. तो खाली बसला. आधी हसला, मग हसायचा थांबला.

"मावशी, ती साळूबाई न्हाई. करंट हाय. आतली वायर म्हातारी झालीय, झिरपतीय. खाली जायची वाट हुती ती तुमी उपटली, मंग तो तुमच्यातनं चालला. वल्या पायानं चांगुणा... आगं माझे आई." मग परत, "तुमच्या बायडाबाईला म्हनावं, अंगात यायचं तर आठ दिस आधी कळवून ये."

"मंग ह्यांना कसा धरत न्हाई?"

"चपला! रबराच्या चपला!"

सूनबाईला काय काय बोलले ते आठवलं.

पत्रा ओढ्यातनं शोधून आणला त्यानं. नवा कोळसा, नवं मीठ. जोड परत आवळला. आतली वायर नगरहून नवीन आणून घालतो म्हणाला, तोवर ह्या खड्ड्यावर जीव आहे, तार सुटता कामा नये. मी माझ्या वाटणीची घागर ओतली. माती पीत होती ते ऐकू येत होतं.

मग त्यानं मला ओल्या हातानं, उघड्या पायानं फ्रीजचं दार धरायला लावलं. धरलं. काही नाही. नुसता पत्रा.

शुक्रवार, ६ एप्रिल

घर गप्प आहे. थरथर आहे, उसासा आहे, पण आता ते मशीन आहे. मी उघडताना सांगायचं सोडलं. चांगुणाला चिठ्ठी टाकली, ये म्हणून.

मालक जेवत नाहीत. सुई टोचली आणि जेवले नाहीत तर चक्कर येते, हे त्यांना ठाऊक आहे. भाकरी कुस्करून बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, भूक नाही.

सोमवार, ९ एप्रिल

टँकरची घागर घेऊन मागच्या दारानं आत आले. फ्रीजपाशी मालक उभे. दोन्ही तळवे दारावर, कपाळ पण टेकलेलं. डोळे मिटलेले. चपला उंबऱ्यापाशी काढलेल्या, एकीशेजारी एक, देवळात जाताना काढाव्या तशा. अंगठा नसलेला पाय उघडा, फरशीवर. फरशी ओली. त्यांनीच पाणी शिंपडलेलं. खांदे थरथरत होते, फ्रीजबरोबर.

मी भिंतीकडं बघितलं. तारेचा जोड सोडलेला. पक्कड खाली पडलेली.

मी ओरडले नाही. पलगाची खुंटी वर ढकलली. आवाज थांबला. मालकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "का सोडवलंस?"

किती दिवस चाललंय, विचारलं. म्हणाले, पहिल्यापासून. चपला काढूनच. तू नसताना. "मला काय व्हायचंय" म्हणाले होते ते खोटं.

मी भडकले. म्हटलं, "मरायचंय का? त्यो करंट हाय. रज्जाकनं दाखवून दिलंय. बाई न्हाई ती, वायर हाय!"

तर ते खाली बसले आणि बोलले. इतक्या वर्षांत एवढं कधी बोलले नव्हते.

साळूला ताप होता तेव्हा वैदूनं सांगितलं होतं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दिलं तर मरेल. ह्यांच्या आईनं ह्यांना राखणीला बसवलं. वीस-बावीसचं पोर. ती पाणी मागायची. तिला तांब्या दिसायचा म्हणून ह्यांनी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला. तिनं ह्यांचा हात धरला. दिवसभर धरला.

"माझ्या हाताला मुंग्या आल्या," मालक म्हणाले. "आशाच. कोपरापतुर. म्हनून मी हात सोडवून घेतला. तिची बोटं एकेक करून काढली. मंग ती गेली." मग म्हणाले, "रज्जाक म्हनला तहानलेला धरंल, तवाच मला कळलं."

मी त्यांना भाकरी दिली. खाल्ली.

मंगळवार, १० एप्रिल

सकाळी सुई टोचताना मी बोलले. रात्रभर... जाऊ दे, रात्रीचं लिहीत नाही.

म्हटलं, "ती असंल नायतर नसंल. रज्जाकला ईचारलं तर वायर, बायडाबाईला ईचारलं तर साळू. मला त्यात पडायचं न्हाई. पर उद्याच्या गाडीनं चांगुणा येतीय. पोटुशी हाय. साळूला ठाऊक न्हाई कोन कुनाची. ती जवळ येईल त्याचा हात धरंल. तुमी तुमचा हात सोडवून घेतला. त्या पोरीला सोडवता यायचा न्हाई, बघितलंय मी."

मालकांनी पायाकडं बघितलं. मग उठले, चपला घातल्या, पक्कड घेतली. जोड आवळला. परत आवळला. मी ओढून बघितला, हलला नाही.

मी म्हटलं, "तहान लागली आसंल तर पाजा की. पाजायचा खड्डा मागल्या दारी हाय. फ्रीजला कशाला मिठी मारता?"

हे मी चिडून म्हटलं होतं. ते खरंच तांब्या घेऊन गेले. उकिडवे बसून सावकाश, आजारी माणसाच्या तोंडात घालावं तसं, थोडं थोडं ओतलं. मी दारातनं बघितलं आणि आत आले. दोघांच्या मधे मी उभं राहणं बरं दिसलं नसतं.

गुरुवार, १० मे

चांगुणा बरी आहे. नववा लागला. दार बिनघोर उघडते, बर्फ खाते, मी रागावते. मालकांची सुई चुकत नाही, औषध गार आहे, पायाची जखम भरत आली. डॉक्टर म्हणाला, उन्हाळा काढतील.

रज्जाकला वायर अजून नगरला मिळाली नाही.

टँकर तीन दिवसांतनं एकदा येतो. रांगेत मालकांना उभं राहवत नाही, पायामुळं. म्हणून खड्ड्याचा तांब्या मीच भरते, माझ्या वाटणीतला. सवतीला पाणी भरणारी मी गावात एकटीच. बायडाबाई कुडावरून हसते. हसू दे.

एखाद दिवशी कामाच्या गडबडीत राहून जातं. मग संध्याकाळी फ्रीज उघडताना बोटाच्या टोकाला जरासं लागतं. जोरात नाही. कुणी झोपलेल्या माणसाला हळूच हात लावून उठवावं, एवढंच.

मी दार लोटते, तांब्या उचलते. म्हणते, "आले गं बाई, आले."